बंद दाराआडचा धवला

सरकारी जीप बांधावरून वळून कासूच्या रस्त्याला लागली, तिची धूळ मांडवाबाहेर खाली बसली. डेकोरेशनवाले शिडीवर होते तसेच थांबले होते. चुलाणावर मटणाचा टोप रटरटत होता, आणि आचारी पळी हातात धरून, आता यात मीठ घालायचं की नाही अशा चेहऱ्यानं जगनकडं बघत होता.

सगुणाबाई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. काल करिश्माला हळद लागली तेव्हाचे धवले तिनंच गायले होते. घसा अजून बसलेला होता. आगऱ्यांच्या घरात लग्न ठरलं की आधी धवलारीण ठरते, मग वाजंत्री, मग बाकी सगळं. भटजी हल्ली आले. सगुणाबाईच्या लग्नात भटजी नव्हताच. धवलारणीनं शेवटचा धवला गाऊन तांदूळ टाकले की लगीन लागलं, आणि ते मोडायची कुणाची छाती नव्हती. आता खारेपाटात तिच्या पिढीची दुसरी धवलारीण उरली नव्हती. लोक पेणहून गाडी पाठवून तिला न्यायचे. आज मात्र लग्न तिच्या स्वतःच्या नातीचं होतं, आणि ते उद्या लागायचं ते आज थांबलं होतं.

तिच्या धाकट्या मुलानं, जगननं, ग्रामसेवकासमोर लिहून दिलं होतं की पोर अठराची होईस्तोवर लग्न लावणार नाही. करिश्मा सोळाची होती. सही करताना त्यानं पेन इतकं दाबलं होतं की टेबलावरच्या मेणकापडावर वण उठला.

"फोन कुणी केला?" तो म्हणाला. आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर बरं झालं असतं.

"भावकीतलाच असंल कुणी," दत्तात्रेय म्हणाला. तो थोरला, नेहमीच्या सवयीनं मिटवायला पुढं झाला. "आपल्यावर जळणारी कमी हायत का?"

"दादा, जीपमधल्या बाईला पोरीची जन्मतारीख तोंडपाठ होती. भावकीत कुणाला ठावं हाय? मी बाप, मला ठावं नाय."

"मला माहीत होती," प्रतिक्षा म्हणाली. "मी केला फोन."

ती हळदीच्या ताटाशेजारी उभी होती. दत्तात्रेयची एकुलती एक. अंगावर काल करिश्मानं स्वतःच्या हातानं निवडून दिलेला पिवळा ड्रेस. पळायला जागा होती, पण ती पळाली नाही.

जगन उठला. खुर्ची मागं पडली. दत्तात्रेय मध्ये आला, त्यानं भावाचा हात मनगटात धरला. "जगन, हात लावायचा नाय. माझी पोर हाय."

"आणि आतली माझी नाय?"

जगनचा हात दत्तात्रेयनं अडवला, पण वनिताचा कुणी अडवला नाही. ती स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि पोटच्या पोरीच्या थोबाडीत तिनं अशी दिली की प्रतिक्षाचा चष्मा हळदीच्या ताटात पडला.

"भरल्या मांडवात?" वनिता म्हणाली. "तुला दुसरा दिवस नाय मिळाला गो? दुसरं घर नाय मिळालं?"

प्रतिक्षानं चष्मा उचलला. काचा पिवळ्या झाल्या होत्या. तशाच डोळ्यांवर चढवून ती आत गेली.

सगुणाबाईच्या मनात आलं, दुसरी घरं तिला मिळाली होती की. दोन वर्षं ती दुसऱ्यांचीच घरं बघत होती.

प्रतिक्षा रोह्याच्या कॉलेजात समाजकार्य शिकत होती. दत्तात्रेयला ती नर्स व्हायला हवी होती. वनिताला काही नको होतं, फक्त पोरीनं आपल्यासारखं दुसऱ्याच्या चुलीपुढं उभं राहू नये एवढं हवं होतं. तेव्हा सगुणाबाईनंच बाजू घेतली होती. "समाजकार्य म्हंजे काय गो?" तिनं विचारलं होतं. पोरीनं समजावून सांगितल्यावर ती हसली होती. मिठागरात हेच तर चालायचं. एखादीचा नवरा मारतो म्हटलं की चार जणी पाट्या टाकून त्याच्या दारात जाऊन बसायच्या, घमेली वाजवायच्या. त्याचं आता कॉलेज निघालं होतं, डबा घेऊन गाडीनं जायचं कॉलेज.

आठवड्यातले दोन दिवस पोरगी कातकऱ्यांच्या वाडीवर जायची. येसू नावाच्या एका बाईच्या झोपडीत बसून यायची, तिच्याकडचे उंबर खाऊन यायची. घरी आली की सराव. "आजी, तू आता सेवार्थी."

"म्हंजे कोन?"

"म्हणजे जिला अडचण आहे ती. तू बोलायचं, मी ऐकायचं. मी मध्ये तोंड घालायचं नाही, चूक-बरोबर म्हणायचं नाही."

"मग तू करणार काय?"

"ऐकणार."

सगुणाबाई मग गुडघ्यापासून सुरुवात करायची आणि मिठागराच्या सावकारापर्यंत पोचायची. पोरगी खरंच ऐकायची. मान हलवायची, "म्हणजे तुम्हाला असं वाटलं," असं सगुणाबाईचंच बोलणं तिला परत करायची. बायकोचं कुणी इतकं ऐकलं असतं तर मिठागरातले निम्मे संसार टिकले असते. साखरपुडा ठरला त्या आठवड्यात मात्र पोरगी सराव सोडून गप्प बसून होती. "मॅडम म्हणतात, घरच्या माणसाची केस आपण हातात घ्यायची नाही," ती शेवटी बोलली होती. "घरच्या माणसाचं आपल्याला धड ऐकू येत नाही, म्हणतात." सगुणाबाईला ते पटलं होतं, आणि विषय संपला असं वाटलं होतं.

मांडवात चहा आला. चहा कुणी सांगितला ते कळलं नाही, पण अशा वेळी तो येतोच.

नाथानं कप घेतला. नाथा म्हणजे नवरदेवाचा, विशालचा, मामा. लग्नाचं सामान पोचवायला तो सकाळीच रोह्याहून आला होता आणि जीप येऊन गेली तरी खुर्चीवरून हलला नव्हता. मऊ बोलणारा माणूस. सगुणाबाईनं आयुष्यात पुष्कळ लग्नं बघितली होती, आणि लग्नात ओरडणाऱ्या माणसाला ती कधी भ्यायली नव्हती. मऊ बोलणाऱ्याला भ्यायची.

"सही झाली ना? झाली," नाथा म्हणाला. "सरकारचं काम सरलं. उद्या बाई बघायला येईल, तिला मांडव दिसायचा नाय. उतरवा मांडव. केलंय ते जेवण लोकांना वाढा, बारशाचं म्हणा, वाढदिवसाचं म्हणा."

"आणि पोर?" जगन म्हणाला. "हळद लागलेली पोर घरात ठेवू? उद्यापास्नं तिला कोन करील?"

"ठेवायची कशाला? विशालची शिफ्ट सुटली की त्याला इकडंच बोलावतो. दिवेलागणीला, घरातल्या घरात, दार लावून मावशीनं धवला गावा, तांदूळ टाकावं. आपल्यात लगीन लागलं. भटजी नको, पत्रिका नको, फोटो नको. सरकारला लगीन म्हंजे मांडव आणि मंगलाष्टकं, धवला त्यांना कुठं ठावं हाय?" त्यानं चहाचा शेवटचा घोट घेतला. "अठराची झाली की रजिस्टर करू. सरकारचं पण राहिलं, आपलं पण राहिलं."

माणसं खुर्च्या पुढं ओढायला लागली. सगुणाबाईला त्या आवाजावरून कळलं की हे ठरलं.

"आणि परत फोन गेला तर?" दत्तात्रेय म्हणाला.

नाथानं त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही, कीव आल्यासारखं. "दत्ताभाऊ, ज्या घरातनं असा फोन जातो त्या घरात सोयरीक घेऊन कोन येईल? आज जगनचं गेलं, उद्या तुझं. माझं ऐक. कॉलेज बंद कर. मोबाईल काढून घे. आमच्याकडं एक स्थळ हाय, कंपनीत सुपरवायझर हाय, जरा वयानं मोठा हाय इतकंच. या लग्नसराईत उरकून टाक."

सगुणाबाईला वाटलं, आता दत्तात्रेय उठेल. मघाशी भावाचं मनगट धरणारा हाच. पण तो खाली बघून चपलेच्या अंगठ्यानं शेणाच्या सारवणावर रेघ ओढत राहिला. "बघू," तो म्हणाला.

बघू म्हणजे होय. त्याच्या बापाचंही तसंच होतं.

स्वयंपाकघराच्या दारात वनिता उभी होती. तिच्या हातात तांदळाचं सूप होतं आणि ती ते पाखडत नव्हती.

"मावशी, तुमचं काय?" नाथानं विचारलं.

"नाय," सगुणाबाई म्हणाली.

"काय नाय?"

"मी गानार नाय."

जगन हसलाच. "आये, तू पन? त्या पोरीनं तुला पन क्लास दिला?"

"क्लास घेते तुझा आता. धवला काय गावठी दारू हाय, दार लावून घ्यायला? पहिल्या ओळीला मी खाडीच्या देवीला हाक मारते, मग वेशीवरच्या देवाला, मग सगळ्या गावाला. दार लावून कुणाला हाक मारू, तुझ्या कपाटाला? मांडव नाय, वाजंत्री नाय, शेजारीण नाय. चोरून लगीन लावायला मी काय पळवून नेणारी हाय?"

"काल हळदीचं गायलीस की."

"काल मांडव होता."

"आये," दत्तात्रेय हळूच म्हणाला, "हळदीचं गाऊन लग्नाचं टाकलंस हे खारेपाटात पसरलं, तर तुला परत कोन बोलवील?"

हे तिला लागलं. चोळीच्या आत कुठंतरी लागलं. नवरा गेल्यावर, मिठागर बुजल्यावर, दोन्ही मुलांनी चुली वेगळ्या केल्यावर तिला माणसांत बसवलं होतं ते धवल्यांनी. जुन्या धवलारणीनं, धोंडुबाईनं, ते तिला मिठागरातच शिकवले होते. दोघी वाफ्यात उभ्या, पाय मिठानं फाटलेले, आणि धोंडुबाई ओळ टाकायची, सगुणानं झेलायची. ओळ चुकली की फावड्याचा दांडा नडगीवर. असे शिकलेले धवले कागदावर नसतात, हाडात असतात. ते पोराच्या धाकानं बाहेर येत नाहीत.

"नको बोलवू देत," ती म्हणाली. "आणा दुसरी धवलारीण. बघू कुठं मिळते."

मिळणार नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. सगुणाबाईला सगळ्यांत जास्त माहीत होतं. ती उठली आणि आतल्या खोलीत गेली. मागं नाथाचा आवाज आला, "म्हातारीला जरा वेळ द्या," आणि मग भांड्यांचा, आणि मग काही नाही.

आतल्या खोलीत करिश्मा पलंगावर बसली होती. हळदीनं माखलेली, हातात हिरवा चुडा, पाय खाली न टेकता. प्रतिक्षा दारामागून सगळं ऐकत होती. आजी आत येताच तिनं तिला मिठी मारली.

"आजी, तू नाही म्हणालीस! तू माझ्या बाजूनं बोललीस."

सगुणाबाईनं तिच्या पाठीवर हात फिरवला. आपण कुणाच्याच बाजूनं बोललो नाही, आपल्या धवल्याच्या बाजूनं बोललो, हे तिनं सांगितलं नाही. पोरीला निदान आजचा दिवस एक माणूस आपलं वाटू दे.

"माझ्या डोक्यातच आलं नाही," प्रतिक्षा म्हणत होती. "मी त्यांना पत्रिकेवरची तारीख दिली. उद्याची. मांडव, मंगलाष्टकं, एवढंच सांगितलं. तू घरात बसून लग्न लावू शकतेस, हे मला माहीत आहे की गं लहानपणापासून! तरी मला आठवलं नाही. मी ते पुस्तकातलं लग्न थांबवलं."

"झालं तुझं?" करिश्मा म्हणाली.

दोघी वळल्या.

"थांबवलंस ना? आता सांग, उद्या मी काय करू?"

"उद्या? उद्या काही नाही. शाळेत परत नाव घालू. दहावीचा फॉर्म मी भरते, सतरा नंबरचा. रडू नकोस."

"मी रडते हाय? तू रडतेस." करिश्माचा आवाज सपाट होता. "तुम्ही कॉलेजात लोकांना विचारता ना, तुम्हाला काय वाटतं, काय पाहिजे? त्या येसूला जाऊन विचारतेस. मला विचारलंस?"

प्रतिक्षानं चष्मा काढून पिवळ्या काचा ओढणीला पुसल्या.

"आय मेल्यापास्नं आमच्या घरात मी आणि बाप. बाप शिफ्ट सुटली की येतो, एकटा येत नाय. नागोठण्याचे दोन-तीन असतात, बसतात. मी चकणा देते. बाप लवंडला तरी ते उठत नायत. मी आत कडी लावून बसते, आणि ते कडी वाजवतात. मस्करी म्हणून. करिश्मा, पानी दे. करिश्मा, बाहेर ये. ती मस्करी हाय ना तुझ्या पुस्तकात?"

"तू मला का नाही सांगितलंस?" प्रतिक्षाचा आवाज फुटला. "भिंतीला भिंत आहे आपली!"

"भिंतीला भिंत आहे तर तुला ऐकू का नाय आलं?"

सगुणाबाई पलंगाच्या कडेला बसली. तिलाही ऐकू आलं नव्हतं. तिचं अंथरूण त्या भिंतीपासून दोन खोल्या लांब, वनिताच्या स्वयंपाकघरालगत होतं. पण बसण्याचा गोंधळ तिला रोज ऐकू यायचा. तिनं आजवर तो जगनचा गोंधळ समजला होता.

"विशालकडं सासू हाय," करिश्मा म्हणाली. "दोन नणंदा हायत. घर माणसांनी भरलेलं हाय. मी त्याला दोनदा बघितलं, चांगला वाटला, वाईट निघाला तर निघाला. पन रातचं घरात बायका असतील."

"बालगृह असतं," प्रतिक्षा म्हणाली. "सरकारचं. मॅडमना विचारते. तिथं सुरक्षित..."

"म्हंजे परत दुसऱ्याच्याच घरी. मग विशालचं काय वाईट?"

"तू सोळाची आहेस, करू. सोळाव्या वर्षी पोटात मूल आलं तर काय होतं माहीत आहे का? मी वाडीवर बघितलंय. आई पण जाते, मूल पण."

"मी पन बघितलंय. माझी आय चाळीसला गेली."

"माझ्याजवळ ये," सगुणाबाई म्हणाली. "आजपास्नं माझ्या अंथरुणावर. मी बघते कोन कडी वाजवतो."

करिश्मानं तिच्याकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, प्रेमही नव्हतं. बाजारात मासळी घेताना बाई डोळा तपासते, तसं बघणं होतं.

"किती दिस, आजी?" ती म्हणाली.



दुपारी लोक जेवले. बारशाचं जेवण म्हणून कुणी वाढलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मांडव उतरला. झालरी गुंडाळून टेम्पोत गेल्या. नाथा गाडीत जाऊन बसून फोनवर बोलत होता. सगुणाबाईला वाटलं, निघाला. ऊन कललं तेव्हा वनिता बाहेर आली. तिचा चेहरा धुतलेला होता.

"आई, प्रतिक्षाला घेऊन जरा बांधावर जा," ती म्हणाली. "पोरीनं सकाळपास्नं काही खाल्लं नाय. इथं भावजींच्या डोळ्यांसमोर नको. हवा लागली की खाईल."

सुनेनं इतकं नीट बोलावं म्हणजे तिला थोबाडीत मारल्याचा पस्तावा झाला असेल, असं सगुणाबाईला वाटलं. तिनं नातीचा हात धरला.

बांधावरून पूर्वी मिठागर दिसायचं. वाफ्यांचे चौकोन, त्यांत आभाळ, आणि कडेला मिठाच्या पांढऱ्या राशी. आता तिवराचं रान होतं आणि पलीकडं कंपनीची चिमणी. वाफे खोदायला पुरुष लागत, पण मीठ ओढायला बायकाच. उन्हानं डोळे जात. तरी सगुणाबाईला त्या दिवसांची हुरहूर लागायची. सगळ्या एका ओळीत असायच्या म्हणून. कुणाच्या घरात काय चाललंय ते दुसरीला सांगावं लागायचं नाही, पाटी उचलायच्या तऱ्हेवरून कळायचं.

"आजी, मी चुकले का?" प्रतिक्षानं विचारलं.

"मी तुझी सेवार्थी हाय ना? मी बोलायचं, तू ऐकायचं."

"सांग ना."

"चूक-बरोबर म्हणायचं नाय, तूच शिकवलंस." मग तिला पोरीची दया आली. "काल रातीला तिला माझ्याजवळ झोपवायला हवं होतं. दोन वर्षांमागं, तिची आय गेली तवाच, झोपवायला हवं होतं. ते तुझं काम नव्हतं."

तेवढ्यात वारा फिरला आणि घराकडून आवाज आला.

बाईचा आवाज होता. ओढलेला, नाकातून येणारा, टोकाला किंचित चिरलेला. खाडीच्या देवीला हाक मारणारी पहिली ओळ. सगुणाबाईला क्षणभर वाटलं, आपणच गातोय.

"आई?" प्रतिक्षा म्हणाली. "ती आई आहे!"

लग्न होऊन आल्यापासून वनिता सासूच्या मागं झेलायला बसायची. सगुणाबाई ओळ टाकायची, वनितानं तीच ओळ उचलून परत म्हणायची. झेलणारीकडं कुणी बघत नाही. ती आवाजाला आधार असते, चुलीला दगड असतो तशी. सगुणाबाईनंही बघितलं नव्हतं. दुसरी धवलारीण कुठं मिळते बघू, असं सगुणाबाई भरल्या घरात म्हणत होती तेव्हा वनिता सूप घेऊन दारात उभी होती.

प्रतिक्षा धावत सुटली. सगुणाबाई पोचली तेव्हा घराचं दार आतून लावलेलं होतं, खिडक्यांना चादरी होत्या, अंगणात नाथाच्या गाडीशेजारी एक मोटारसायकल होती. दत्तात्रेय पायरीवर बसला होता. प्रतिक्षा दारावर मुठी मारत होती आणि तो तिला अडवतही नव्हता.

"मार," तो म्हणाला. "उघडणार नाय कुणी."

"बाबा, हा गुन्हा आहे! तुम्ही सही केलीत सकाळी."

"जगननं केली."

"आईला माहीत आहे, मी तिला सगळा कायदा सांगितलाय, तरी ती गाते?"

"तुझ्यासाठी गाते," दत्तात्रेय म्हणाला. तो पायरीकडंच बघत होता. "तिनं नाथाशी आणि जगनशी बोलून घेतलं. ती गाते, लगीन लागतं, आणि तुझ्या कॉलेजचं नाव परत कुणी काढायचं नाय. तुझ्या लग्नाचं पन नाय. तू शिकशील तेवढं. नाथानं तांदळावर हात ठेवून सांगितलंय."

प्रतिक्षाचे हात दारावरच राहिले.

"मला नको," ती म्हणाली. "असं असेल तर मला नको कॉलेज. आई! मला नको आहे!"

आत धवला पुढं सरकला. तिनं फोन काढला.

"कर," दत्तात्रेय म्हणाला. "पहिली कुणाला धरतात ते तूच सांगितलं होतंस. लगीन लावणाऱ्याला. आत लगीन कोन लावतंय?"

प्रतिक्षाचा अंगठा पडद्यावर थांबला. सगुणाबाईनं आयुष्यात इतका काळ थांबलेला हात बघितला नव्हता. मग तो टेकला. फोनमधून घंटी वाजायला लागली.

आत शेवटचा धवला लागला होता.

*हलद लागली गो, हाताला पायाला,*
*लेक निघाली गो, दुसऱ्या गावाला.*
*सोर गो माये, पदराची गाठ...*

आणि आवाज थांबला.

पुन्हा आला. *सोर गो माये, पदराची गाठ.* पुन्हा थांबला.

सगुणाबाईला काय झालं ते लगेच कळलं. झेलणारीला ओळ कधी शोधावी लागत नाही, समोरून येते. वनितानं ही ओळ शेकडो वेळा म्हटली होती, पण प्रत्येक वेळी आधी सासूच्या तोंडून ऐकून. आज समोर कुणी नव्हतं. घरात सगळे उभे असतील, मुठीत तांदूळ धरून, आणि मध्ये ती पोर. धोंडुबाई सांगायची, अर्धा राहिलेला धवला नवरीच्या डोक्यावर लटकत राहतो, जन्मभर. सगुणाबाईनं आजवर एकही अर्धा सोडला नव्हता.

"आई!" वनितानं आतून हाक मारली. दाराच्या अगदी जवळून. "आई, पुढं काय गो?"

"सांग, आये," दत्तात्रेय म्हणाला.

प्रतिक्षानं दुसऱ्या हातानं आजीचा दंड धरला. ओळ सगुणाबाईच्या जिभेवर होती, तिनं ओठ मिटून धरले. दात दुखेपर्यंत. नाही दिली ओळ तर लगीन लागणार नाही. लागणार नाही तर पोर उद्या त्याच घरात, त्याच कडीआड. दिली तर... तिनं डोळेही मिटले.

"नमस्कार," फोनमधून बाईचा आवाज आला. "बोला, काय मदत हवी आहे?"

तेव्हा आतून दुसरा आवाज आला. बारीक, कच्चा, सूर न लागलेला. नवरी स्वतःच्या लग्नात धवला गात नाही. तिनं मान खाली घालून ऐकायचं असतं, रडायचं असतं. असं कधी झालं नव्हतं, सगुणाबाईच्या आठवणीत नाही, धोंडुबाईच्या सांगण्यातही नाही. पण लहानपणी आजीच्या मांडीवर झोपलेल्या पोरीला सगळ्या ओळी येत होत्या.

*दारी उबी हाय गो, सासरची वाट.*

"हॅलो?" फोनमधली बाई म्हणाली. "कुणी अडचणीत आहे का? लहान मुलगी आहे का?"

"हो," प्रतिक्षा म्हणाली.

"ती आत्ता कुठे आहे?"

"आत." प्रतिक्षाचे ओठ हलत राहिले आणि आवाज नंतर आला. "गातेय."

आत वनितानं ओळ झेलली, सवयीनं, टोकाला चिरत. मग लादीवर तांदूळ पडल्याचा आवाज बाहेरपर्यंत आला.